साथीच्या काळातली काळजी: औषधे, खरेदी आणि कर्जाचा हप्ता

प्रश्नकर्त्या गृहस्थांनी आपल्या घरची परिस्थिती अशी मांडली आहे. कोविडच्या काळात बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू ते जंतुनाशकाने पुसून घेत आणि त्यात रोजचे बरेच तास जात. मधुमेह व उच्च रक्तदाब असलेल्या वडिलांच्या नियमित तपासण्या मात्र पुढे ढकलल्या गेल्या. पगारात कपात झाली तेव्हा गृहकर्जाचे तीन हप्ते स्थगित केले आणि शेअर बाजार कोसळताच वर्षानुवर्षे साठवलेली गुंतवणूक काढून घेतली. पुन्हा अशी साथ आली तर आरोग्य, खरेदी आणि पैसा या तिन्ही काळज्या एकाच वेळी कशा सांभाळाव्यात, असा त्यांचा प्रश्न आहे.

मी सामुदायिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणारा डॉक्टर आहे. साथीच्या काळात ज्या मदतवाहिनीवर मी बसत असे, तिथे शेजारच्या टेबलावर कर्ज-समुपदेशन करणारे एक सहकारी असत, आणि फोन करणारी व्यक्ती बहुतेक वेळा आम्हा दोघांशीही बोलत असे. त्या संभाषणांतून माझे एक मत पक्के झाले आहे. लोकांनी काळजी कमी केली असे कधीच झाले नाही, पण ती चुकीच्या जागी फार खर्च झाली. वस्तूंच्या वेष्टनांची भीती सगळ्यांना वाटली. बंद खोलीतली हवा, चुकलेली तपासणी आणि मुद्दलात मिसळत जाणारे व्याज यांची भीती तेवढ्या प्रमाणात वाटली नाही, आणि नुकसान मुख्यतः तिथेच झाले.

म्हणून कोणतीही नवी साथ आली की पहिला प्रश्न हाच विचारावा की हा आजार पसरतो कसा. पटकी दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरते, इबोला रुग्णाच्या शरीरातील द्रवांशी प्रत्यक्ष संपर्क आल्याने पसरतो, तर कोविड आणि इन्फ्लूएन्झा प्रामुख्याने श्वासावाटे. या तिन्हींसाठी घरातली शिस्त वेगवेगळी लागते. दुसरा प्रश्न, हा आजार कोणाला अधिक धोकादायक आहे. कोविडमध्ये वय वाढत जाईल तसा मृत्यूचा धोका वाढत गेला, परंतु १९१८ च्या इन्फ्लूएन्झाने २० ते ४० या वयोगटातील धडधाकट माणसेही मोठ्या संख्येने नेली. त्यामुळे मागच्या साथीची सवय पुढच्या साथीला जशीच्या तशी लावू नये. पहिल्या काही आठवड्यांत या दोन प्रश्नांची उत्तरे बदलतही असतात आणि ती बदलली की आपणही बदलण्याची तयारी ठेवावी.

वस्तू पुसण्याचा प्रकार कुठून सुरू झाला ते पाहिले की हे अधिक स्पष्ट होईल. मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कोविडचा विषाणू प्लॅस्टिक आणि स्टीलवर ७२ तासांपर्यंत, पुठ्ठ्यावर सुमारे २४ तास आणि तांब्यावर सुमारे ४ तास जिवंत आढळला. हे आकडे जगभर पोहोचले. त्या प्रयोगातच असेही दिसले होते की पृष्ठभागावरील जिवंत विषाणूंचे प्रमाण तासागणिक झपाट्याने घटत जाते, पण हा भाग फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही. पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने असा अंदाज दिला की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे १०,००० मध्ये एकापेक्षा कमी असते. याच्या शेजारी दुसरी घटना ठेवून पाहावी. मार्च २०२० मध्ये वॉशिंग्टन राज्यात एका समूहगायनाच्या सरावाला ६१ जण अडीच तास एकत्र होते आणि त्यांपैकी एकाला लक्षणे होती. त्या एका सरावातून ३२ जणांना निश्चित आणि आणखी २० जणांना संभाव्य संसर्ग झाला आणि दोघांचा मृत्यू झाला. बंद जागा, बराच वेळ आणि मोठ्याने गाणारे आवाज, एवढेच त्याला पुरेसे ठरले.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. खरेदी करून घरी आल्यावर सामान जागच्या जागी ठेवावे आणि साबणाने २० सेकंद हात धुवावेत. या विषाणूचे बाहेरचे आवरण स्निग्ध पदार्थाचे असते आणि साबण ते मोडून टाकतो, त्यामुळे साध्या साबणाने काम होते. साबण-पाणी नसेल तेव्हा किमान ६० टक्के अल्कोहोल असलेले सॅनिटायझर वापरावे. फळे आणि भाज्या वाहत्या पाण्याखाली धुवाव्यात. त्यांना साबण, ब्लीच किंवा सॅनिटायझर कधीही लावू नये. ही सूचना मी मुद्दाम ठळकपणे करत आहे, कारण अमेरिकेत मे २०२० मध्ये ५०२ प्रौढांची जी पाहणी झाली, तिच्यात सुमारे ३९ टक्के लोकांनी अन्नपदार्थ ब्लीचने धुणे, जंतुनाशक अंगाला लावणे किंवा त्याची वाफ हुंगणे यांपैकी काही ना काही केल्याचे सांगितले होते. ब्लीच आम्लयुक्त स्वच्छतागृह-क्लीनरमध्ये मिसळले की क्लोरीन वायू सुटतो, आणि अमोनिया असलेल्या द्रावणात मिसळले की क्लोरामाइन. दोन्ही वायू फुप्फुसांना इजा करतात. फुप्फुसांच्या आजाराच्या भीतीने घरातच फुप्फुसे दुखावून घेणारी माणसे आमच्या फोनवर होती, आणि ते ऐकून मला आजही वाईट वाटते.

पुसण्यातून वाचलेला वेळ हवेसाठी द्यावा. समोरासमोरच्या दोन खिडक्या किंवा खिडकी आणि दार एकाच वेळी उघडे ठेवले की हवा खेळती राहते. एकच खिडकी उघडून तेवढा उपयोग होत नाही. दुकानात गर्दी नसलेल्या वेळी जावे, यादी घरूनच करून न्यावी आणि आत घालवण्याचा वेळ शक्य तेवढा कमी करावा. मास्क कोणता, यापेक्षा तो चेहऱ्याला किती घट्ट बसतो याकडे मी अधिक लक्ष देतो. एन-९५ मास्कचे कापड ०.३ मायक्रॉन आकाराचे किमान ९५ टक्के कण अडवते, पण नाकाच्या बाजूने फट राहिली तर हवा कापडातून न येता त्या फटीतून येते. तपासण्याची पद्धत सोपी आहे. मास्क लावून नाकावरची तार दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवावी, जोरात श्वास सोडावा आणि तळहात कडेकडेने फिरवावा. डोळ्यांच्या बाजूला हवेची झुळूक जाणवली किंवा चष्म्यावर वाफ धरली, तर मास्क पुन्हा बसवावा. दोन वर्षांखालील बाळांना मास्क लावू नये.

आता वडिलांच्या आजाराबद्दल, कारण माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रश्नातला हा सर्वांत गंभीर भाग आहे. २०२० च्या पहिल्या लाटेत अनेक देशांत हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या लक्षणीयरीत्या घटली. झटके थांबले नव्हते. लोक घरी थांबले होते, आणि जे आले त्यांतले बरेच उशिरा आले. लहान मुलांच्या बाबतीतही तेच झाले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगभरातील सुमारे २ कोटी ३० लाख बालके नियमित लसीकरणातील मूलभूत मात्रांना मुकली आणि ही संख्या आदल्या वर्षापेक्षा सुमारे ३७ लाखांनी जास्त होती. छातीत दाबल्यासारखे दुखणे, बोलताना जीभ अडखळणे, चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणे किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, ही लक्षणे दिसली तर साथ कितीही जोरात असो, त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. तिथे संसर्ग होण्याचा धोका या आजारांच्या धोक्यापुढे फारच लहान असतो.

मधुमेह आणि रक्तदाब यांच्यासाठी साथीच्या आधीच करून ठेवण्यासारख्या काही गोष्टी आहेत. किमान एक महिन्याची औषधे शिल्लक असावीत आणि शेवटची पट्टी उघडण्याआधीच पुढची आणलेली असावी. ताप आला की मधुमेह्याच्या रक्तातील साखर सहसा वाढते, मग तो कमी जेवत असला तरीही. म्हणून आजारपणात तपासणी नेहमीपेक्षा अधिक वेळा करावी आणि इन्सुलिन स्वतःहून बंद करू नये. याउलट उलट्या-जुलाब चालू असताना मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. आपल्या वडिलांच्या गोळ्यांपैकी त्या कोणत्या, हे डॉक्टरांना प्रकृती बरी असतानाच विचारून कागदावर लिहून ठेवावे, कारण रात्री दोन वाजता हा प्रश्न पडला तर उत्तर देणारे कोणी मिळतेच असे नाही. मार्च २०२० मध्ये एक समज पसरला की रक्तदाबाच्या काही प्रचलित गोळ्यांमुळे कोविड अधिक गंभीर होतो. हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी तेव्हाच गोळ्या बंद न करण्याचा सल्ला दिला होता, आणि पुढच्या चाचण्यांतही त्या थांबवल्याने काही लाभ होत असल्याचे आढळले नाही. ज्यांनी परस्पर गोळ्या सोडल्या त्यांच्या वाट्याला केवळ वाढलेला रक्तदाब आला.

घरात ऑक्सिमीटर, म्हणजे रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण मोजणारे छोटे यंत्र, असणे उपयुक्त आहे, परंतु तो नीट वापरला तरच. पाच मिनिटे स्वस्थ बसावे, बोटाचा नखरंग काढलेला असावा, हात गार असतील तर चोळून गरम करावेत, मधल्या किंवा तर्जनीच्या बोटाला यंत्र लावावे आणि आकडा स्थिर होईपर्यंत किमान अर्धा ते एक मिनिट थांबावे. लावल्या लावल्या दिसणारा पहिला आकडा ग्राह्य धरू नये. निरोगी माणसाच्या रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण सामान्यतः ९५ ते १०० टक्के असते. ते ९४ किंवा त्याखाली टिकून राहिले तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे, आणि ९० च्या खाली गेले तर फोनवर वेळ न घालवता रुग्णालयात जावे. ज्यांना फुप्फुसांचा जुना आजार आहे त्यांचा नेहमीचा आकडा कमी असू शकतो, तो आधीच ठाऊक असावा. आणखी एक बाब पुरेशी सांगितली जात नाही: त्वचा गडद असेल तर हे यंत्र खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवण्याची शक्यता असते. म्हणून धाप, ओठ निळसर होणे, गोंधळल्यासारखे बोलणे अशी लक्षणे असतील तर आकडा चांगला आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

औषधांच्या साठ्याबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. २०२० च्या वसंतात कोविडवर चालेल या आशेने हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधाची एवढी मागणी झाली की ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) आणि संधिवाताच्या ज्या रुग्णांना ते रोज लागते त्यांनाच ते मिळेनासे झाले. त्याच जूनमध्ये ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीने दाखवले की रुग्णालयातील कोविड रुग्णांना त्याचा उपयोग होत नाही. त्याच चाचणीने डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरील रुग्णांचे सुमारे एक पंचमांशाने कमी होतात हेही सिद्ध केले; मात्र ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना त्याचा काहीही लाभ झाला नाही. तरीही नुसता ताप आला म्हणून स्टेरॉइड घेणारे लोक होते. स्टेरॉइडने रक्तातील साखर वाढते आणि प्रतिकारशक्ती दबते, म्हणजे मधुमेह्याला दुहेरी फटका बसतो. घरी ठेवायचे तर पॅरासिटामॉल, तापमापक, जलसंजीवनीची पाकिटे आणि नेहमीची औषधे ठेवावीत. निरोगी प्रौढाने पॅरासिटामॉल २४ तासांत एकूण ४ ग्रॅमच्या पुढे घेऊ नये. सर्दी-खोकल्याच्या अनेक तयार गोळ्यांतही तेच औषध असते, ते या हिशेबात धरावे. अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाही, त्यामुळे त्याचा साठा करण्यात काही अर्थ नाही.

दुकानांतल्या फळ्या रिकाम्या होण्याची कारणे समजून घेतली तर घबराटीची खरेदी आपोआप कमी होते. दुकाने गोदामात फार माल ठेवत नाहीत; रोजच्या अंदाजाप्रमाणे माल येतो आणि जातो. एरवी आठवड्याचे सामान घेणाऱ्या सगळ्या कुटुंबांनी एकाच दिवशी दोन आठवड्यांचे घेतले, तर प्रत्यक्षात कोणीही एक घासही जास्त न खाता मागणी दुप्पट होते. रिकामी फळी पाहून पुढचा माणूस आणखी घेतो. २०२० मध्ये अनेक देशांत टॉयलेट पेपर दिसेनासा झाला त्यामागे हेच घडले, आणि त्यात आणखी एक भर पडली: माणसे कार्यालयांऐवजी घरी राहू लागली, पण कार्यालयांसाठीचा आणि घरांसाठीचा माल वेगवेगळ्या प्रकारे बनतो, वेगवेगळ्या मार्गाने पोहोचतो आणि एका रात्रीत एकाचा दुसरा होत नाही. माझा आग्रह असा आहे की दोन आठवडे पुरेल एवढा कोरडा शिधा साथीचे नावही नसताना, प्रत्येक खरेदीत एखादी वस्तू जास्त घेऊन, हळूहळू जमवावा आणि जुने आधी वापरून त्या जागी नवे ठेवावे. असे करणारा माणूस गर्दीच्या दिवशी दुकानात नसतो, आणि ज्याच्या हाती रोजच्या रोज तेवढेच पैसे येतात त्याच्यासाठी त्या दिवशी माल शिल्लक राहतो. ज्यांना साठा परवडतो त्यांचे हे कर्तव्यच आहे असे मी मानतो.

टंचाईत फसवणूक वाढते. सॅनिटायझरच्या काही बाटल्यांत एथेनॉलऐवजी मिथेनॉल आढळले आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला २०२० च्या जूनपासून तसे इशारे द्यावे लागले; मिथेनॉल पोटात गेले तर दृष्टी जाते आणि मृत्यूही ओढवतो. लेबलवर घटक आणि उत्पादकाचा पूर्ण पत्ता नसेल तर बाटली घेऊ नये. पूर्ण पैसे आगाऊ मागणारा अनोळखी विक्रेता, आणि ‘आत्ताच पाठवा, नाहीतर दुसऱ्याला देतो’ अशी घाई, हे दोन्ही एकत्र दिसले तर तो व्यवहार सोडून द्यावा.

पैशाच्या भागात माझ्या सहकाऱ्यांची एक पद्धत होती, ती मी जशीच्या तशी देतो. उत्पन्न घटल्याचे कळताच ते फोनवरच्या माणसाकडून खर्च तीन गटांत लिहून घेत. पहिल्या गटात अन्न, औषधे, घरभाडे, वीज-पाणी आणि आरोग्यविम्याचा हप्ता. दुसऱ्यात तारणावर घेतलेली कर्जे. बाकी सगळे तिसऱ्यात. विम्याचा हप्ता पहिल्या गटात पाहून लोकांना आश्चर्य वाटे, पण साथीच्या मध्यावर बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू करताना आजारांविषयी नव्याने विचारणा आणि नवा प्रतीक्षाकाळ लागू शकतो. औषधांची गोळी अर्धी करून पुरवणे हा खर्च वाचवण्याचा मार्ग त्यांनी आणि मी कायम नाकारला. त्याऐवजी डॉक्टरांना सरळ सांगावे की परवडत नाही. बहुतेक वेळा त्याच घटकाचे स्वस्त जेनेरिक औषध लिहून देता येते.

हप्ता स्थगित करण्याबद्दल मात्र आकडे पाहूनच ठरवावे. स्थगिती म्हणजे माफी नव्हे. त्या महिन्यांचे व्याज सहसा मुद्दलात मिळवले जाते. समजा, २० वर्षांचे कर्ज ९ टक्के व्याजाने नुकतेच घेतले आहे आणि पहिले तीन हप्ते पुढे ढकलले. तीन महिन्यांत मुद्दल सुमारे २.२७ टक्क्यांनी वाढते. हे किरकोळ वाटते, पण हप्त्याची रक्कम तीच ठेवली तर एकूण हप्त्यांची संख्या २४० वरून सुमारे २५६ होते. तीन हप्त्यांच्या सवलतीची किंमत सोळा जादा हप्ते, असा हा हिशेब आहे. याचे कारण असे की कर्जाच्या सुरुवातीला हप्त्यातला बहुतांश भाग व्याजातच जातो. कर्ज संपत आले असेल तर हेच नुकसान खूप कमी असते. म्हणून हाती पर्याय असेल तर नव्या कर्जाचे हप्ते शक्यतो चालू ठेवावेत. पर्याय नसेल तर स्थगिती जरूर घ्यावी, त्यात कमीपणा नाही. मात्र हप्ता थकण्याच्या आधी बँकेशी बोलावे, अटी लेखी घ्याव्यात, आणि उत्पन्न सुरळीत होताच ती वाढलेली रक्कम एकरकमी भरता येईल का ते विचारावे. पूर्ण हप्त्याऐवजी निदान व्याजापुरते पैसे भरण्याची मुभा मिळाली तरी मुद्दल वाढत नाही. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवरचे व्याज गृहकर्जाच्या अनेक पट असते, त्यामुळे हातात थोडे पैसे आले तर ते आधी तिकडे वळवावेत. कर्ज मंजूर करण्यापूर्वीच ‘प्रक्रिया शुल्क’ वैयक्तिक खात्यात मागणारा सावकार किंवा अ‍ॅप हा बहुधा भामटाच असतो.

राहिला गुंतवणुकीचा प्रश्न. अमेरिकेच्या शेअर बाजाराचा एस अँड पी ५०० निर्देशांक १९ फेब्रुवारी ते २३ मार्च २०२० या काळात सुमारे ३४ टक्के घसरला आणि ऑगस्टमध्ये जुन्या उच्चांकाच्या पुढे गेला. प्रत्येक वेळी एवढ्या लवकर सावरेल असे मानता येत नाही. पण घसरणीच्या तळाशी विकणाऱ्यांपैकी अनेकांनी बाजाराचा अंदाज चुकला म्हणून विकले नव्हते, घरखर्चाला पैसे नव्हते म्हणून विकले होते. आपल्याला ती गुंतवणूक का काढावी लागली हे आठवून पाहावे. घरखर्चासाठी काढली असेल तर पुढच्या वेळी शेअर बाजाराला हात लावण्याआधी पुरेल एवढी, निदान तीन आणि उत्पन्न अनियमित असेल तर सहा महिन्यांच्या पहिल्या गटातील खर्चाइतकी रक्कम, बचत खात्यात किंवा केव्हाही मोडता येईल अशा ठेवीत वेगळी ठेवावी. एकदम जमत नसेल तर आधी एक महिन्याची करावी; तेवढ्यानेही हप्ता थकण्याआधी बँकेशी बोलायला वेळ मिळतो. आणि भीतीने काढली असेल, तर त्या रकमेपैकी वडिलांच्या राहिलेल्या तपासण्यांसाठी आधी बाजूला काढावे: मागच्या तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवणारी एचबीए१सी, मूत्रपिंडाचे कार्य, डोळ्यांच्या पडद्याची आणि पायांची तपासणी. त्या या महिन्यातच करून घ्याव्यात.